खुब्याचे हाड मोडलेल्या रुग्णाची वेदना पहिल्या तासात कशी थांबवावी : कॅज्युअल्टीतील नर्व्ह ब्लॉक

वृद्ध माणूस न्हाणीघरात, अंगणात किंवा जिन्यावर पडून त्याच्या खुब्याचे हाड मोडते, तेव्हा पडण्याच्या क्षणापेक्षा नंतरचे प्रत्येक हलणे त्याला अधिक छळते. घरातल्या फरशीवरून चादरीत, चादरीतून १०८ च्या स्ट्रेचरवर, तिथून कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर आणि परत, मग वॉर्डातल्या खाटेवर, बेडपॅनसाठी, कपडे बदलण्यासाठी, असे शस्त्रक्रियेपर्यंत त्याला कितीतरी वेळा उचलले जाते आणि दर वेळी मोडलेल्या हाडाची टोके हलून जीव कासावीस होतो. नाशिक जिल्ह्यात त्यात रस्त्यांची भर पडते, कारण सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या पाड्यावरून निघालेला रुग्ण घाटातली वळणे आणि खड्डे सोसून शहरात पोहोचलेला असतो. शस्त्रक्रिया होईपर्यंत हे सोसावेच लागते, असे बहुतेक नातेवाइकांना वाटते. तसे नाही. जांघेजवळ योग्य थरात दिलेले बधिरीकरणाच्या औषधाचे एक इंजेक्शन, म्हणजेच नर्व्ह ब्लॉक, साधारण अर्ध्या तासात ही वेदना पुष्कळशी उतरवते, आणि त्यासाठी शस्त्रक्रियागृहाची वाट पाहण्याचे कारण नाही. ते कॅज्युअल्टीतच, निदान झाल्याबरोबर द्यायला हवे.

ही मार्गदर्शिका प्रामुख्याने कॅज्युअल्टीत काम करणारे वैद्यकीय अधिकारी, निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी आहे. रुग्णाच्या घरच्यांनी ती वाचली, तर आपल्या माणसासाठी नेमके काय मागायचे हे त्यांना कळेल. मात्र ब्लॉक देण्याचे कौशल्य वाचून येत नाही. भूलतज्ज्ञाच्या किंवा प्रशिक्षित आपत्कालीन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हात बसल्यानंतरच तो स्वतंत्रपणे द्यावा.

ब्लॉक का, नुसते वेदनाशामक इंजेक्शन का नाही

आपल्याकडे खुब्याच्या फ्रॅक्चरला सवयीने डायक्लोफेनॅक किंवा ट्रामाडॉल दिले जाते. ऐंशीच्या घरातल्या, दिवसभर नीट पाणी न प्यायलेल्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या मूत्रपिंडाला डायक्लोफेनॅक झेपेलच असे नाही, शिवाय जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वेगळाच. ट्रामाडॉलने मळमळ, चक्कर आणि गोंधळलेपणा येतो. मॉर्फिन अनेक लहान रुग्णालयांत ठेवलेलेच नसते आणि जिथे असते तिथे वृद्धांमध्ये श्वास मंदावण्याच्या भीतीने हात आखडता घेतला जातो. ही भीती अनाठायी नाही. पण वेदना तशीच राहू दिली, तर तीही माणसाला भ्रमात नेते. रात्री खाटेवरून उठू पाहणारी, सलाइन उपसून काढणारी आजी पुष्कळदा औषधाने नव्हे तर न शमलेल्या वेदनेने तशी झालेली असते.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०११ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत पॅरासिटामॉल आणि ओपिऑइड (मॉर्फिनच्या गटातली औषधे) यांनी वेदना पुरेशी शमत नसेल किंवा ओपिऑइड कमी ठेवायचे असेल तर नर्व्ह ब्लॉकचा विचार करावा असे म्हटले आहे, आणि या रुग्णांत डायक्लोफेनॅकच्या गटातली औषधे सुचवलेली नाहीत. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० मधील आढाव्यात ब्लॉक दिल्यानंतर अर्ध्या तासात हालचालीच्या वेळची वेदना घटते, भ्रमाचा धोका कमी होतो आणि बहुधा छातीचा संसर्गही कमी होतो, असे आढळले. हलवताना होणारी वेदना हाच या दुखण्याचा गाभा असल्यामुळे पहिला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण स्वस्थ पडून असताना गोळीनेही बरे वाटू शकते, पण एक्स-रेच्या टेबलावर सरकवताना गोळी पुरत नाही.

यामागची शरीररचना थोडक्यात अशी. खुब्याच्या सांध्याच्या पुढच्या आवरणात वेदनेचे तंतू दाट असतात आणि ते मुख्यतः फीमोरल आणि ऑब्ट्युरेटर या मज्जातंतूंकडून येतात. ओटीपोटाच्या हाडाच्या आतल्या बाजूला असलेल्या इलिॲकस स्नायूवर फॅशिया इलिॲका नावाचा चिवट पडदा असतो आणि त्याच्या खालून फीमोरल मज्जातंतू व मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेचा मज्जातंतू जातात. या पडद्याखाली सौम्य औषध भरपूर प्रमाणात सोडले की जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीखाली पाणी शिरावे तसे ते पसरते आणि मज्जातंतूला सुई न लावताही त्याच्यापर्यंत पोहोचते. मज्जातंतूपासून दूर राहून काम होते, हेच फॅशिया इलिॲका ब्लॉकचे बळ आहे. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये डालेन्स आणि सहकाऱ्यांनी तो मुलांसाठी वर्णिला; आज त्याचा सर्वाधिक उपयोग वृद्धांना होतो.

ब्लॉकच्या आधीचा अर्धा तास

रुग्ण आल्याबरोबर वेदनेची नोंद करावी, आणि ती दोन वेळची असावी: स्वस्थ पडलेले असताना आणि पाय किंचित हलवताना. शून्य ते दहाचा आकडा विचारून प्रत्येक वृद्ध व्यक्तीला सांगता येत नाही. कोकणा किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजीला आपले नागरी मराठी पटकन कळत नाही, काहींना ऐकू कमी येते, काहींची स्मृती गेलेली असते. अशा वेळी चेहऱ्यावरच्या आठ्या, कण्हणे, श्वासाची गती, आवळलेल्या मुठी आणि समजावल्यावर शांत होते की नाही, यांवरून अंदाज करावा. ‘काही नाही बाबा, बरी आहे मी’ असे म्हणणारी आजी पाय हलवताच ट्रॉलीचा कठडा घट्ट धरते. नोंद त्या हाताची करावी.

शीर लावून पॅरासिटामॉल लगेच द्यावे. ५० किलोपेक्षा कमी वजनाच्या रुग्णाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या आजीला ६०० मिलिग्रॅम. सवयीने सरसकट एक ग्रॅमची बाटली पूर्ण सोडू नये. पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल आणि जांघेत दुखत असेल, तर निदान बहुतेक उघड असते. तरीही ओटीपोटाचा समोरून आणि खुब्याचा बाजूने एक्स-रे काढून खात्री करावी. एक्स-रे स्वच्छ दिसला आणि पाऊल टेकवणे मात्र अशक्य असेल, तर सीटी किंवा एमआरआयवाचून रुग्णाला घरी पाठवू नये. लक्षणे स्पष्ट असूनही वेदनेमुळे रुग्णाला टेबलावर घेणेच अशक्य होत असेल, तर आधी पूर्ण तपासणी नोंदवून ब्लॉक द्यावा आणि मग एक्स-रे काढावा, असे माझे मत आहे. वॉर्डात खाट मिळण्याची वाट पाहण्याला मात्र काही आधार नाही.

ग्रामीण भागातून येणाऱ्या काही रुग्णांना आधी हाडवैद्याकडे नेलेले असते आणि खुबा चोळलेला, बांधलेला असतो. त्याबद्दल घरच्यांना रागावण्यात वेळ घालवू नये. चोळल्यामुळे जांघेत सूज किंवा रक्त साकळलेले आहे का आणि त्वचा सोललेली आहे का, हे पाहावे. पायाला वजन लटकवण्याची पद्धतही अजून अनेक ठिकाणी आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या अशा ट्रॅक्शनने वेदना कमी होतात असे अभ्यासांतून दिसलेले नाही, आणि वृद्धांची पातळ कातडी चिकटपट्टीने सोलवटते. गुडघ्याखाली उशी देऊन पाय रुग्णाला जसा सोसवेल तसा टेकवून ठेवणे अधिक बरे.

ब्लॉक देण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची नोंद पायाची आहे. पाऊल वर-खाली करता येते का, अंगठा हलतो का, पायाच्या पृष्ठभागावर आणि तळव्यावर स्पर्श कळतो का आणि पावलावरची नाडी लागते का, हे पाहून वेळेसह लिहावे. ब्लॉकनंतर मांडी बधिर होणारच असते, त्यामुळे फ्रॅक्चरने किंवा पडण्याने आधीच काही इजा झाली होती का, हे नंतर ठरवता येत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ कधी कधी ब्लॉकला नाखूश असतात त्याचे कारण हेच आहे आणि ते योग्य आहे. त्यावरचा उपाय ब्लॉक टाळणे हा नसून तपासणी आधी करणे हा आहे.

कोणाला देऊ नये, कोणाबाबत थांबून विचारावे

रुग्णाचा नकार, बधिरीकरणाच्या औषधाची ॲलर्जी आणि सुईच्या जागी संसर्ग असेल, तर ब्लॉक देऊ नये. त्या बाजूच्या जांघेत पूर्वी रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मोठा हर्निया असेल, तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय हात लावू नये. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू असलेले रुग्ण खूप असतात. जांघेतला हा ब्लॉक उथळ असतो आणि दाब देऊन रक्तस्राव थांबवता येतो, म्हणून केवळ या गोळ्यांसाठी तो नाकारू नये. वॉरफरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर निर्णय ज्येष्ठ डॉक्टरांनी घ्यावा आणि दिलाच तर अल्ट्रासाउंडखालीच द्यावा. नडगीला किंवा गुडघ्यालाही मोठी इजा असेल, तर पायात वाढणारा दाब बधिरतेमुळे उशिरा लक्षात येऊ शकतो, हे ध्यानात ठेवावे.

रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलणे

संमती म्हणजे केवळ कागदावरचा अंगठा नव्हे. ट्रॉलीच्या बाजूला उभे राहून, रुग्णाच्या नजरेला नजर देऊन, साधारण असे सांगता येईल: ‘आजी, तुमच्या खुब्याजवळचं हाड मोडलंय, म्हणून हलवलं की इतकी कळ येते. जांघेजवळ एक इंजेक्शन देतो, त्यानं मांडी बधिर होईल आणि दुखणं बरंच कमी होईल. तुम्ही जाग्याच राहाल, आमच्याशी बोलत राहाल. मध्येच तोंडाला मुंग्या आल्या, कानात आवाज आला किंवा काही वेगळं वाटलं, तर लगेच सांगा.’ शेवटचे वाक्य वगळू नये, कारण ते सौजन्याइतकेच सुरक्षिततेचे आहे.

घरच्यांचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. पाय कायमचा लुळा पडेल का? बधिरपणा तात्पुरता असतो, काही तासांनी उतरतो. मज्जातंतूला टिकून राहणारी इजा होणे अतिशय विरळ आहे. हे पाठीतले इंजेक्शन आहे का? नाही, पाठीला सुई लागत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ पाठीत भूल देतील ती वेगळी, आणि ब्लॉकमुळे त्या वेळी कुशीवर वळणेही सुसह्य होते. मग शस्त्रक्रिया टळेल का? नाही. वेदना थांबली म्हणजे हाड जुळले असे नव्हे, आणि दुखत नाही म्हणून आजींना उठवून बसवण्याचा किंवा चालवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, हे लेकी-सुनांना, मुलांना वेगळे बजावून सांगावे.

तयारी आणि मात्रा

हृदयाचा आलेख, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू दाखवणारा मॉनिटर लावलेला असावा, चालू शीर असावी, प्राणवायू, सक्शन आणि अंबू बॅग हाताशी असावी. बधिरीकरणाचे औषध रक्तात चढल्यास उतारा म्हणून लागणारे वीस टक्के लिपिड इमल्शन कॅज्युअल्टीतच, सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवलेले असावे. ते शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात कुलूपबंद असेल तर नसल्यासारखेच आहे. दोन माणसे लागतात. एकाचे लक्ष सुईवर असते, तर दुसऱ्याने रुग्णाशी बोलत राहून मॉनिटर पाहायचा आणि सांगितले की औषध ढकलायचे. सुई टोचण्याआधी क्षणभर सगळे थांबवून नाव, बाजू आणि एक्स-रे पुन्हा पडताळावा. डाव्या-उजव्याची चूक घाईतच होते, म्हणून ही पडताळणी मोठ्याने बोलून करावी.

मात्रा वजनावर ठरते, आणि अडचण अशी की हा रुग्ण काट्यावर उभा राहू शकत नाही. घरच्यांना विचारावे, जुन्या दवाखान्याच्या कागदावर वजन लिहिलेले सापडते का पाहावे आणि शंका असेल तर कमीच धरावे. बधिरीकरणाच्या औषधांपैकी साध्या बुपिव्हाकेनची कमाल मात्रा किलोमागे २ मिलिग्रॅम आणि रोपिव्हाकेनची ३ मिलिग्रॅम मानली जाते. ४० किलोच्या आजीसाठी बुपिव्हाकेनची मर्यादा ८० मिलिग्रॅम झाली. ०.२५ टक्के द्रावणाच्या एका मिलीलीटरमध्ये २.५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणून ३० मिलीलीटरमध्ये ७५ मिलिग्रॅम जाते आणि आपण मर्यादेच्या आत राहतो. त्याच आजीला ४० मिलीलीटर दिले तर १०० मिलिग्रॅम होऊन मर्यादा ओलांडली जाते. ०.२ टक्के रोपिव्हाकेनचे ४० मिलीलीटर मात्र ८० मिलिग्रॅम होतात आणि तिची मर्यादा १२० असते. हलक्या, कृश रुग्णांत म्हणूनच मला रोपिव्हाकेन अधिक सोयीचे वाटते. शिवाय ते हृदयाला तुलनेने कमी घातक आहे. अतिवृद्ध, यकृत किंवा हृदय अशक्त असलेल्या रुग्णांत कमाल मात्रेच्याही बरेच खाली राहावे.

०.५ टक्क्यांची बुपिव्हाकेनची वायल वापरत असाल तर तितकेच सलाइन मिसळून ती निम्म्यावर आणावी. पाठीतल्या भुलीसाठी येणारे ‘हेवी’ बुपिव्हाकेनचे लहान ॲम्प्यूल या कामासाठी नाही. औषध भरलेल्या सिरिंजवर नाव आणि तीव्रता लिहून चिकटवावी. जंतुनाशनानंतर त्वचा पूर्ण वाळू द्यावी, हातमोजे निर्जंतुक असावेत आणि अल्ट्रासाउंडच्या प्रोबवरही निर्जंतुक आवरण असावे.

अल्ट्रासाउंडखाली ब्लॉक

सुई आणि औषध दोन्ही डोळ्यांना दिसतात, म्हणून शक्य तिथे हीच पद्धत वापरावी. रुग्ण उताणा, पाय सोसवेल तसा. उथळ भाग दाखवणारा लिनियर प्रोब जांघेच्या घडीवर आडवा ठेवावा. आधी धमनी शोधावी: गोल, ठोके देणारी, दाबली तरी चपटी न होणारी, तिच्या आतल्या बाजूची शीर दाबाने मिटते. धमनीच्या बाहेरच्या अंगाला इलिॲकस स्नायू आणि त्यावरची चकचकीत पांढरी रेघ दिसते, तीच फॅशिया इलिॲका. धमनीला लागून तिच्या बाहेरच्या बाजूला, फॅशिया इलिॲकाच्या खाली, चपटा, उजळ फीमोरल मज्जातंतू असतो. यंत्राच्या पडद्यावर दोन धमन्या दिसत असतील तर प्रोब फार खाली आहे. थोडा वर सरकवून एकच धमनी दिसेल तिथे थांबावे. मग प्रोब बाहेरच्या बाजूला सरकवत सार्टोरियस स्नायूचे टोक दिसेपर्यंत जावे. धमनीपासून हे अंतर ठेवणे ही सर्वांत मोठी सुरक्षितता आहे.

त्वचेला थोडे लिग्नोकेन देऊन बोथट टोकाची ब्लॉकची सुई बाहेरून आत, प्रोबच्या रेषेतच न्यावी आणि टोक सतत दिसत असावे. टोक दिसेनासे झाले की सुई पुढे न ढकलता प्रोब हलवून ते शोधावे. फॅशिया इलिॲका आधी सुईच्या टोकाखाली दबते आणि मग टचकन सुटते. तिथे सिरिंज मागे ओढून रक्त येत नाही हे पाहावे आणि एक-दोन मिलीलीटर सलाइन सोडावे. पांढरी रेघ वर उचलली जाऊन तिच्या आणि स्नायूच्या मध्ये काळी फट तयार झाली, तर जागा बरोबर आहे. स्नायूच फुगत असेल तर सुई खोल गेली आहे. रेघेच्या वर पाणी दिसत असेल तर अजून पडदा पार झालेला नाही. जागा पटली की दर पाच मिलीलीटरला पुन्हा मागे ओढून, रुग्णाशी बोलत, सावकाश औषध सोडावे. दाब लागत असेल, पायात सणक जात असेल किंवा यंत्राच्या पडद्यावर औषध पसरताना दिसत नसेल, तर लगेच थांबावे. पसरताना न दिसणारे औषध रक्तवाहिनीत जात असू शकते.

जांघेच्या घडीच्या वर, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ प्रोब उभा ठेवून देण्याची सुप्राइंग्वायनल पद्धत औषध अधिक वर पोहोचवते आणि हात बसलेल्यांनी ती पसंत करावी. २०१८ मध्ये टोरंटोतून वर्णिलेला पेंग ब्लॉक सांध्याच्या पुढच्या आवरणाच्या तंतूंनाच लक्ष्य करतो, त्याला साधारण २० मिलीलीटर पुरतात आणि मांडीची ताकद बरीचशी टिकते; पण तो खोल आहे आणि अल्ट्रासाउंडशिवाय करायचा नाही. नवशिक्याने सुरुवात जांघेतल्या उथळ ब्लॉकने करावी.

एक गोष्ट कायद्याची. गर्भलिंग निदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार अल्ट्रासाउंड यंत्र कोणत्याही कामासाठी वापरायचे असले तरी त्याची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे लागते आणि लहान, हातात धरायचे यंत्रही त्यातून सुटत नाही. कॅज्युअल्टीत यंत्र आणण्यापूर्वी त्या जागेची आणि वापरणाऱ्यांची नोंद पूर्ण करून घ्यावी.

अल्ट्रासाउंड नसेल तर

कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि जांघेच्या आतल्या बाजूचा जघनास्थीचा उंचवटा यांना जोडणारी रेषा पेनाने आखावी, तिचे तीन समान भाग करावेत आणि बाहेरचा तिसरा भाग जिथे संपतो त्या बिंदूच्या एक सेंटिमीटर खाली खूण करावी. मग धमनीचे ठोके बोटाने शोधावेत. खूण त्यांच्यापासून बाहेरच्या बाजूला किमान दीड-दोन सेंटिमीटर दूर असलीच पाहिजे. बोथट सुई त्वचेला काटकोनात नेताना हाताला दोन वेळा ‘टच’ असे सुटल्यासारखे जाणवते: पहिल्यांदा फॅशिया लाटा हा मांडीवरचा वरचा पडदा, दुसऱ्यांदा फॅशिया इलिॲका. दुसऱ्यानंतर सुई किंचित डोक्याकडे कलती करून, रक्त येत नाही हे पाहून, औषध तसेच थोडे थोडे सोडावे. ते सहज जायला हवे. जोर लावावा लागत असेल तर सुई जराशी मागे घ्यावी. ही पद्धत अल्ट्रासाउंडइतकी खात्रीची नाही, तरी काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ चांगली आहे. टोकदार साध्या सुईने हे ‘टच’ कळत नाहीत, म्हणून तिने प्रयत्न करू नये.

नंतरची तीस मिनिटे

सुई निघाली म्हणजे काम संपले असे नाही. नाडी, रक्तदाब, श्वास आणि प्राणवायू यांची नोंद पाच, दहा, पंधरा आणि तीस मिनिटांनी करावी आणि या काळात कोणीतरी जवळच असावे. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, अचानक बडबड किंवा अस्वस्थता, झटका, नाडी अनियमित होणे, ही औषध रक्तात चढल्याची लक्षणे आहेत. तसे झाले तर औषध सोडणे तत्काळ थांबवावे, मदत बोलवावी, श्वासमार्ग सांभाळून शंभर टक्के प्राणवायू द्यावा आणि झटका आल्यास मिडाझोलमसारखे औषध लहान मात्रेत द्यावे. वीस टक्के लिपिड इमल्शन किलोमागे १.५ मिलीलीटर दोन-तीन मिनिटांत द्यावे, म्हणजे ४० किलोला ६० मिलीलीटर, आणि त्यानंतर किलोमागे दर मिनिटाला ०.२५ मिलीलीटर चालू ठेवावे, म्हणजे १० मिलीलीटर प्रति मिनिट. सुधारणा नसेल तर पहिली मात्रा पुन्हा देता येते. एकूण किलोमागे १२ मिलीलीटरच्या पुढे जाऊ नये. हृदय थांबले तर छातीचे दाब सुरू करावेत आणि ते दीर्घकाळ चालू ठेवण्याची तयारी ठेवावी. ॲड्रिनलिन नेहमीपेक्षा लहान मात्रांनी द्यावे. प्रोपोफोल दिसायला तितकेच पांढरे असले तरी ते लिपिडची जागा घेत नाही. हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून लिपिडच्या बाटलीला बांधून ठेवावेत.

आणखी एक धोका कमी बोलला जातो. ब्लॉकच्या आधी मॉर्फिन किंवा ट्रामाडॉल दिलेले असेल, तर वेदना ओसरल्यावर त्या औषधाची गुंगी उघडी पडते आणि रुग्ण अति झोपाळू होऊ शकतो. म्हणून शांत झोपलेल्या आजीलाही हाक मारून पाहावे आणि श्वास मोजावेत.

तीस मिनिटांनी वेदनेची नोंद पुन्हा करावी, तीही दोन्ही प्रकारे. मांडीच्या पुढच्या आणि बाहेरच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवून गारवा कळतो का हे विचारावे. गारवा कळत नाही आणि पाय हलवल्यावर चेहरा शांत राहतो, तर ब्लॉक लागला. वेदना पूर्ण शून्यावर येईलच असे नाही, कारण सांध्याच्या मागच्या बाजूचे तंतू या ब्लॉकमध्ये येत नाहीत. चाळीस मिनिटांनंतरही काहीच फरक नसेल तर तीच पूर्ण मात्रा पुन्हा देऊ नये. पॅरासिटामॉल चालू ठेवून मॉर्फिन १ ते २ मिलिग्रॅमच्या लहान मात्रांनी, नजर ठेवून द्यावे आणि भूलतज्ज्ञाला बोलवावे.

बधिर पायाला चिमटा, उष्णता, दाब काहीच कळत नाही, म्हणून टाच खाटेवर घासू न देता पोटरीखाली घडी देऊन अधांतरी ठेवावी, पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये आणि कुशी ठरलेल्या वेळी बदलत राहावी. आता तसे करताना आजी ओरडत नाहीत, म्हणून परिचारिकांनाही हे काम सोपे जाते.

पाठवायचे असेल तर

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातून नाशिकला पाठवण्यापूर्वी ब्लॉक देता आला, तर सावळघाटासारख्या रस्त्यावरचा प्रवास रुग्णाला निराळाच होतो. पण तीस मिनिटांची देखरेख पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलवू नये, आणि औषध चढल्याची लक्षणे ओळखणारी व्यक्ती मॉनिटरसह बरोबर असावी. तशी सोय नसेल, तर पॅरासिटामॉल देऊन, दोन्ही पायांमध्ये उशी ठेवून, पाय एकमेकांना सैल बांधून पाठवावे आणि पुढच्या कॅज्युअल्टीला फोन करून ब्लॉकची तयारी ठेवायला सांगावे. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर असंख्य वृद्ध भाविक उतरतील; त्याआधी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या कॅज्युअल्टीत प्रत्येक पाळीला ब्लॉक देऊ शकणारा एक तरी माणूस तयार असावा, असे मला मनापासून वाटते.

केसपेपरवर औषधाचे नाव, तीव्रता, मिलीलीटर, एकूण मिलिग्रॅम, बाजू, सुई टोचल्याची वेळ, आधीची पायाची तपासणी आणि आधी-नंतरची वेदना लिहावी. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ किंवा सर्जन बधिरीकरणाचे औषध पुन्हा देतील, तेव्हा एकूण मात्रा मोजण्यासाठी त्यांना हेच आकडे लागतात, म्हणून ते तोंडीही सांगावेत. परिणाम साधारण आठ ते बारा तास, कधी त्याहून अधिक टिकतो. दुपारी दिलेला ब्लॉक मध्यरात्री उतरेल, हे हिशेबात धरून पॅरासिटामॉल ठरल्या वेळांना चालू ठेवावे, रात्रपाळीच्या सिस्टरला तो उतरण्याची अंदाजे वेळ सांगून ठेवावी, आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसाच्या पुढे जाणार असेल तर दुसरा ब्लॉक केव्हा आणि कोण देणार हे त्याच संध्याकाळी ठरवून लिहावे.